एक्स्प्लेनर : शनिशिंगणापूरचा एसटीडी कोड ०२४२७ का? टेलिफोन नंबरमधला प्रत्येक आकडा काय सांगतो?

घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, म्हणून शनिशिंगणापूर देशभर ओळखलं जातं. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनं इथे 'कुलूप नसलेली' शाखा उघडली, तेव्हा त्याची बातमी झाली होती. पण चोरी करायला आता कुणाला घरात शिरावं लागत नाही. २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याच्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला. भाविक घरी बसला होता आणि पैसे मोबाइलवरून गेले.

अशा वेळी साधा प्रश्न पडतो. स्क्रीनवर आलेला नंबर खरा की खोटा, हे नंबर पाहून कळतं का? पूर्ण कळत नाही, पण बरंच कळतं. टेलिफोन नंबरचे आकडे वाटेल तसे दिलेले नसतात, त्यामागे देशाचा एक आराखडा आहे. तोच शनिशिंगणापूरच्या ०२४२७ या कोडपासून समजून घेऊ.

०२४२७ मधला कोणता आकडा काय सांगतो?

शनिशिंगणापूर नेवासा तालुक्यात येतं आणि ०२४२७ हा नेवाशाचा कोड आहे. तो डावीकडून वाचत जायचा.

• ० : हा कोडचा भागच नाही. 'मला माझ्या भागाबाहेर फोन लावायचा आहे' एवढंच तो एक्स्चेंजला सांगतो. खरा कोड २४२७.

• २ : देशाचा पश्चिम भाग. मुंबई (२२), पुणे (२०), नाशिक (२५३), कोल्हापूर (२३१) हे सगळे याच घरातले. गुजरातमधलं सुरत (२६१) आणि राजस्थानमधलं उदयपूर (२९४) हेसुद्धा.

• २४ : छत्रपती संभाजीनगर (२४०), अहिल्यानगर (२४१), बीड (२४४२), परभणी (२४५२), नांदेड (२४६२), धाराशिव (२४७२), जालना (२४८२). म्हणजे नगर आणि बराचसा मराठवाडा. लातूर मात्र या रांगेत नाही, त्याचा कोड २३८२.

• २४२ : नगर जिल्ह्यातले बहुतेक तालुके.

• २४२७ : नेवासा.

पत्ता लिहिताना आपण आधी घर, मग गाव, तालुका, जिल्हा असं लिहितो. टेलिफोन नंबर उलटा चालतो. आधी मोठा प्रदेश, मग छोटा, शेवटी घर.

नगर जिल्ह्यात किती कोड?

जिल्ह्यात तालुके १४, कोड १३.

• ०२४१ : अहिल्यानगर
• ०२४२१ : जामखेड
• ०२४२२ : श्रीरामपूर
• ०२४२३ : कोपरगाव
• ०२४२४ : अकोले
• ०२४२५ : संगमनेर
• ०२४२६ : राहुरी
• ०२४२७ : नेवासा
• ०२४२८ : पाथर्डी
• ०२४२९ : शेवगाव
• ०२४८७ : श्रीगोंदा
• ०२४८८ : पारनेर
• ०२४८९ : कर्जत

२४२ च्या घरात १ ते ९ हे आकडे नऊ तालुक्यांत संपले. मग श्रीगोंदा, पारनेर आणि कर्जत यांना २४८ मध्ये जागा मिळाली. म्हणून जालन्याचा ०२४८२ आणि पारनेरचा ०२४८८ भावंडांसारखे दिसतात.

चौदावा तालुका राहाता. तो नंतर झाला, त्यामुळे त्याला स्वतःचा कोड नाही. शिर्डी राहाता तालुक्यात असूनही तिथला कोड कोपरगावचा ०२४२३. त्याच तालुक्यातल्या लोणीचा कोड मात्र श्रीरामपूरचा ०२४२२. तालुक्याच्या हद्दी बदलल्या, टेलिफोनच्या बदलल्या नाहीत. जिल्ह्याचं नावही २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, ०२४१ तसाच राहिला.

याचं कारण असं की कोड जिल्ह्याला किंवा तालुक्याला दिलेला नाही. तो टेलिफोनच्या स्वतःच्या विभागाला दिलेला आहे. दूरसंचार खात्यानं देशाचे ३२२ मोठे विभाग आणि त्यांच्या पोटात सुमारे २,६५० छोटे विभाग पाडले. या छोट्या विभागाला 'शॉर्ट डिस्टन्स चार्जिंग एरिया' म्हणतात. विभाग पाडताना तालुका डोळ्यांसमोर ठेवला होता, म्हणून दोन्ही नकाशे बरेचसे जुळतात. नावातला 'चार्जिंग' हा शब्द महत्त्वाचा आहे. हे विभाग मुळात बिलासाठी पाडले होते. विभागाच्या आत फोन केला तर लोकल, बाहेर केला तर अंतराप्रमाणे जास्त पैसे.

कोड लांब तिथे नंबर आखूड, असं का?

मुंबईचा कोड दोन आकडी (२२) आणि नंबर आठ आकडी. नगरचा कोड तीन आकडी (२४१) आणि नंबर सात आकडी. नेवाशाचा कोड चार आकडी (२४२७) आणि नंबर सहा आकडी. तिन्हींची बेरीज दहाच. शून्य सोडून भारतातला लँडलाइन नंबर कोडसकट दहा आकड्यांचा असतो.

जिथे फोन जास्त, तिथे कोड आखूड ठेवायचा, म्हणजे नंबरांसाठी जास्त आकडे उरतात. दोन आकडी कोड देशात आठच शहरांना आहेत : दिल्ली ११, पुणे २०, मुंबई २२, कोलकाता ३३, हैदराबाद ४०, चेन्नई ४४, अहमदाबाद ७९ आणि बेंगळुरू ८०. पुण्याचा जुना कोड ०२१२ ज्यांना आठवतो, त्यांनी हा बदल अनुभवलेला आहे. शहर वाढलं, नंबर कमी पडू लागले आणि कोडमधला एक आकडा नंबराकडे गेला.

आता हिशोब पाहा. सहा आकड्यांत दहा लाख नंबर बसतात. पण लँडलाइनचा नंबर ० किंवा १ ने सुरू करता येत नाही, कारण ० बाहेरच्या फोनसाठी आणि १ विशेष सेवांसाठी राखीव आहे. आराखड्यानुसार सुरुवातीला २ ते ६ हे आकडे वापरायचे. म्हणजे नेवाशाच्या वाट्याला पाच लाख नंबर आले.

लँडलाइनचे बहुतेक नंबर २ नेच का सुरू होतात, याचं उत्तरही इथेच आहे. खासगी कंपन्या लँडलाइनच्या धंद्यात आल्यावर पहिला आकडा कंपनीची खूण झाला. २ हा बीएसएनएल आणि एमटीएनएलचा, पुढचे आकडे इतरांचे. २००२-०३ च्या सुमारास अनेक घरांतल्या जुन्या नंबरापुढे अचानक २ लागला होता, तो यामुळेच.

शेजारी फोन लावायलाही मोबाइलवरून कोड का लागतो?

शनिशिंगणापुरात उभं राहून गावातल्याच एखाद्या दुकानाच्या लँडलाइनवर मोबाइलवरून फोन करायचा असेल, तरी ०२४२७ लावावा लागतो. दुकान समोर दिसत असलं तरी.

लँडलाइनची तार नेवाशाच्या विभागातल्या एक्स्चेंजला जोडलेली असते. त्यामुळे तिथून सहा आकडे फिरवले की एक्स्चेंज ते आपल्याच विभागातले समजतं. मोबाइल कोणत्याही तालुक्याचा नसतो. नुसते सहा आकडे दिले तर ते नेवाशाचे, राहुरीचे की शेवगावचे, हे नेटवर्कला कळायला मार्ग नाही.

एक्स्चेंज नंबर एकदम वाचत नाही. आकडे एकामागून एक येतात तसतसा निर्णय घेतं. पहिला आकडा २ ते ६ पैकी असेल तर लोकल. १ असेल तर विशेष सेवा. ० असेल तर विभागाबाहेर. ०० असेल तर परदेश. म्हणून पहिल्या आकड्याला इतकं महत्त्व.

कोडचा नकाशा राज्याच्या नकाशाशी का जुळत नाही?

महाराष्ट्र म्हणजे ०२ असं आपण धरून चालतो, पण विदर्भ त्यात नाही. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, गडचिरोली ०७१३२, यवतमाळ ०७२३२, बुलढाणा ०७२६२. सगळे ७ च्या घरात. याच घरात इंदूर (०७३१), भोपाळ (०७५५) आणि रायपूर (०७७१) आहेत. टेलिफोनच्या दृष्टीनं विदर्भ मध्य भारतात मोडतो. बुलढाण्याहून जालन्याला जाताना जिल्हा बदलतो, पण कोडचं पहिलं अक्षरच बदलून जातं.

गोव्याचं वेगळंच. मोबाइल कंपन्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल आहे (मुंबई वेगळी). पण लँडलाइनमध्ये पणजीचा कोड ०८३२ आणि बेळगावचा ०८३१, म्हणजे गोवा ८ च्या दक्षिणेकडच्या घरात.

हे कोड आले कुठून?

कोड नव्हते तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑपरेटर एका एक्स्चेंजहून दुसऱ्या एक्स्चेंजला जोडून देई. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. घाई जितकी मोठी, तितके पैसे जास्त. तरीही तास-दोन तास वाट पाहणं नेहमीचंच.

१९६० मध्ये कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. एसटीडी म्हणजे सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग. ग्राहकानं स्वतःच परगावचा नंबर फिरवायचा, मध्ये ऑपरेटर नाही. ऑपरेटर गेला तर कुठे जोडायचं हे यंत्राला कुणी तरी सांगायला हवं. ते काम कोड करू लागला. ऑपरेटरला आपण 'नेवासा द्या' असं सांगायचो, तेच यंत्राला २४२७ म्हणून सांगायचं.

खेड्यांपर्यंत हे पोहोचायला बराच काळ गेला. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिनं भारतीय हवेत, धुळीत चालतील अशी छोटी ग्रामीण एक्स्चेंजं बनवली. मग नाक्यानाक्यावर 'एसटीडी आयएसडी पीसीओ'चे पिवळे फलक आले. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून बूथवर रात्रीच रांग लागायची. पुढे काही वर्षं राज्यातल्या राज्यात शून्याऐवजी ९५ लावून स्वस्तात बोलता येई, तेही अनेकांना आठवत असेल. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल-एमटीएनएलनं देशभर एक रुपया मिनिट असा दर आणला आणि अंतराचा हिशोब मागे पडला. ज्या बिलासाठी विभाग पाडले, ते बिलच बदललं. कोड मात्र राहिले.

+९१ लावल्यावर शून्य का लावायचा नाही?

परदेशातल्या अनेक भाविकांचा फोन इथेच अडकतो. नंबर '+९१ ०२४२७...' असा सेव्ह केला तर तो चुकीचा. शून्य हे भारताच्या आतलं बटण आहे. बाहेरून येताना +९१ नंतर थेट २४२७.

'+' या खुणेचा अर्थ 'तुम्ही जिथे असाल तिथला परदेशी फोनचा आकडा'. भारतातून तो ००, अमेरिकेतून ०११. मोबाइल तो आपोआप लावतो. म्हणून नंबर नेहमी +९१ सह सेव्ह करावा, जगात कुठूनही चालतो.

देशांचे कोड आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था ठरवते. जगाचे भाग पाडून पहिला आकडा दिला गेला. आपल्या भागाला ९ आला. भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४, म्यानमार ९५, नेपाळ ९७७. बांगलादेश मात्र ८८०. देशाच्या कोडसकट कोणताही नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा असू शकत नाही.

मोबाइल नंबरला गाव का नाही?

सुरुवातीला त्यालाही एक प्रकारचं गाव होतं. पहिले चार-पाच आकडे कंपनी आणि सर्कल सांगायचे. महाराष्ट्रात ९४२२ दिसलं की बीएसएनएल, ९८९० म्हणजे एअरटेल, ९८२२ म्हणजे आयडिया. जाणकार नुसता नंबर ऐकून कंपनी सांगत.

२० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. आता नंबर महाराष्ट्रातल्या मालिकेतला, सिम दुसऱ्याच कंपनीचं आणि माणूस बेंगळुरूत, असं सहज असतं. प्रत्येक फोन जोडताना नेटवर्क एका डेटाबेसला 'हा नंबर सध्या कुणाकडे आहे' असं विचारतं आणि मगच पुढे जातं.

म्हणजे लँडलाइन नंबरनं 'कुठे' याचं उत्तर दिलं. मोबाइल नंबर फक्त 'कुणाकडे' एवढंच सांगतो, आणि तेही आपल्याला नाही, नेटवर्कला.

नंबर संपत आले आहेत का?

२००३ च्या राष्ट्रीय नंबरिंग आराखड्यात २०३० पर्यंत ७५ कोटी फोन होतील असा अंदाज होता. त्यात ४५ कोटी मोबाइल आणि ३० कोटी लँडलाइन. ७५ कोटींचा आकडा देशानं २०१० मध्येच ओलांडला. लँडलाइनचा अंदाज तर उलटा पडला. २०२४ च्या अखेरीस मोबाइल सुमारे ११५ कोटी होते आणि लँडलाइन चार कोटींच्या आसपास.

मोबाइलसाठी आधी फक्त ९ हा आकडा होता. मग ८, ७ आणि ६ उघडावे लागले. पण ७ आणि ८ मध्ये नागपूर, पणजीसारखे लँडलाइनचे कोड आधीच बसलेले, आणि ६ नं सुरू होणारे लोकल नंबरही होते. त्यामुळे या मालिका सरसकट वापरता आल्या नाहीत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य सक्तीचा झाला. एका शून्यानं काय साधलं? लोकल नंबर आणि मोबाइल नंबर यांची गल्लत थांबली. त्यामुळे पुढे सुमारे २५४ कोटी नवे नंबर देण्याची सोय होईल, असं दूरसंचार खात्यानं तेव्हा सांगितलं होतं.

यंत्रांनाही सिम लागतं. गाडीतले ट्रॅकर, स्मार्ट मीटर यांसारख्या उपकरणांसाठी १३ आकडी नंबरांची वेगळी मालिका ठेवली आहे, म्हणजे माणसांचे दहा आकडी नंबर त्यात खर्च होत नाहीत.

नंबर मर्यादित असल्यानं ते पुन्हा वापरले जातात. तुमचा बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तो बँक, आधार किंवा यूपीआयला जोडलेला राहिला तर तुमचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जातील. सिम बंद करण्याआधी या तीन ठिकाणी नंबर बदलून घ्या.

फोन वाजला, नंबरवरून काय ओळखाल?

• १६०० ने सुरू होणारा दहा आकडी नंबर : बँका, विमा, वित्तसंस्था आणि सरकारी सेवांच्या कामाच्या फोनसाठी ही मालिका २०२४ मध्ये ठरवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनंही बँकांना ग्राहकांशी व्यवहाराबाबत बोलताना हीच मालिका वापरायला सांगितलं.

• १४० ने सुरू होणारा : जाहिरात, विक्री. उचलला नाही तरी बिघडत नाही.

• १८०० : टोल फ्री. हा तुम्ही लावायचा नंबर.

• साधा दहा आकडी मोबाइल नंबर आणि पलीकडचा म्हणतो 'बँकेतून बोलतोय' : इथेच थांबा.

• '+' नंतर ९१ सोडून दुसरा कोड आणि ओळखीचं कुणी परदेशात नाही : उलट फोन करू नका.

• ०२४२७ : नेवासा विभागातली लँडलाइन. एवढंच. फोन देवस्थानातून आहे की दुसरीकडून, हे कोड सांगत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. परदेशातून इंटरनेटवरून लावलेला फोन +९१ दाखवू शकतो. असे फोन रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी फोन अडवल्याचं सरकारनं सांगितलं होतं. म्हणून संशय आला तर बोलणं तोडा आणि संस्थेच्या पावतीवर, पासबुकावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर छापलेला नंबर स्वतः लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. संशयास्पद फोनची माहिती संचार साथीवरच्या 'चक्षू' सुविधेत देता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पुढे काय बदलू शकतं?

६ फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रायनं नंबरिंग आराखड्यात मोठ्या बदलाची शिफारस केली. लँडलाइनचे नंबर छोट्या विभागांऐवजी अख्ख्या सर्कलच्या पातळीवर द्यावेत, म्हणजे एका तालुक्यात पडून राहिलेले नंबर दुसरीकडे वापरता येतील. त्यासाठी लँडलाइनवरून लँडलाइनला लोकल फोन करतानाही शून्य आणि कोडसकट पूर्ण नंबर लावायचा. आत्ताचे नंबर बदलायचे नाहीत, मोबाइलवरून फोन लावण्याच्या पद्धतीतही फरक नाही.

असं झालं तर नेवाशातून नेवाशातच फोन करतानाही ०२४२७ लावावा लागेल. आज त्या कोडवरून तालुका ओळखता येतो. नवे नंबर सर्कलच्या पातळीवर वाटले गेले, तर पुढच्या काळात तेवढीही खात्री उरणार नाही. तोवर फोन उचलण्याआधी पहिले चार-पाच आकडे पाहण्याची सवय लावून घ्यायला हरकत नाही. घरातल्या ज्येष्ठांनाही १६००, १४० आणि १९३० हे तीन आकडे आजच दाखवून ठेवा.